वास गेला की उतरा

सकाळी सात वाजता मास्तरीण लहान खड्ड्यातून गोबरगॅसच्या टाकीला पहिला घास घालून परतली, तेव्हा मोठ्या खड्ड्यामागची भिंत पांढरी झाली होती.

काल संध्याकाळपर्यंत ती राखाडी होती आणि तिच्यावर लाल अक्षरं होती. वडिलांच्या, आबांच्या हातची, वीतभर उंचीची, दर दोन-तीन वर्षांनी त्यांनी स्वतः गिरवलेली. आता तिथे ओला चुना होता. खाली, तपासवाल्यांनी बांधलेल्या दोरीच्या आत, तिचा मोठा भाऊ बादलीत ब्रश धूत उभा होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस. प्रकल्पाचे करार, परवाने, कचऱ्याच्या गाड्या हे त्याचं खातं. त्याच्या हातात ब्रश तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

"दादा, हे काय?"

"चुना."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला?" त्याने ब्रश झटकला. बुटांवर पांढरे शिंतोडे उडाले. "निरीक्षक अकराला येणार आहेत. त्यांच्यासमोर ती भिंत नको."

नऊ दिवसांपूर्वी याच खड्ड्यात त्यांचा धाकटा भाऊ उतरला होता. चाळिशी आली तरी एका जागी दोन मिनिटं ठरत नसे, म्हणून घरीदारी सगळे त्याला भिंगरी म्हणत. तळाच्या पंपात दोर अडकला होता. तो शिडीच्या चार पायऱ्या उतरला आणि पाचवीवर त्याचे हात सुटले. त्याला काढायला मागोमाग फिटर उतरला. अग्निशमनवाल्यांनी दोघांना वर काढलं तेव्हा भिंगरी गेला होता. फिटरचा श्वास चालू होता, तो अजूनही चालू होता, इस्पितळातल्या यंत्रावर. डोळे उघडे, पण नऊ दिवसांत तोंडातून शब्द नाही.

"नियम होता तो," मास्तरीण म्हणाली. "तू पुरावा पुसलास."

"नियम? नियम पाळूनच मेला ना तो?" दादाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "वाच की. पाठ आहे ना तुला? आपल्या घरात अ आ इ ईच्या आधी तेच शिकवतात."

तिला पाठ होतं. *झाकण काढा. वास असेल तर थांबा. वास गेला की उतरा.*

हा नियम आजोबांचा. त्यांनी पहिला खड्डा खणला तेव्हा त्यात फक्त शेण पडायचं, वर छप्पर नव्हतं, आणि दिवसभर वारा खेळायचा. तिथे वास गेला म्हणजे खरोखरच हवा बदललेली असायची. आबांनी तो नियम भिंतीवर चढवला. पुढे शेणाबरोबर भाजीबाजाराचा कचरा आला, कत्तलखान्याचं रक्त आलं, मासळी कारखान्याची आतडी आली. शेजारच्या वसाहतीने दुर्गंधीची तक्रार केली तेव्हा खड्ड्यावर छप्पर घातलं, तीन बाजूंनी पत्रे मारले. एक टाकी होती, तिथे दोन झाल्या. वर गॅसचा काळा रबरी फुगा आला. इंजिन आलं, वीज वसाहतीच्या तारांत जाऊ लागली. सगळं बदललं, फक्त भिंत तशीच राहिली.

सात महिन्यांपूर्वी मास्तरणीने आणखी एक बदल केला होता. दूधसंघाचं आंबट पाणी घ्यायचं ठरवलं होतं. टाकीला ते मानवत होतं, गॅस वाढला होता. पण मासळीच्या सडक्या लगद्यावर आंबट पाणी पडलं की जो वायू सुटतो, त्याचं नाव ती बारा वर्षं नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत आली होती. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार असला तर वास येत नाही. नाकच बंद पडतं.

म्हणून तिने हातात मावेल एवढं पिवळं डिटेक्टर आणलं होतं. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "मास्तरीणबाई, तुझं यंत्र रोज चार्ज करावं लागतं. माझं नाक जन्मापासून चालू आहे." सगळे हसले होते. भिंगरी सर्वांत जास्त. ती पण हसली होती, आणि यंत्र प्रयोगशाळेतल्या खणात गेलं. तिथे त्याची बॅटरी कधी उतरली, ते तिला माहीत नाही.

दादा तिच्याकडेच बघत होता. लहानपणापासून त्याला तिच्या मनातलं कळायचं आणि नको तेव्हाच कळायचं.

"जबाब मी तयार केलाय," तो म्हणाला. "झाकण फिटरने उघडलं. परवानगी घेतली नाही. उतरायलाही त्यानेच सांगितलं."

"खोटं आहे हे."

"कशावरून? तू तिथे होतीस?"

"फिटर दहा वर्षं आहे आपल्याकडे. विचारल्याशिवाय नटसुद्धा सैल करत नाही तो. तो बोलू शकत नाही म्हणून त्याच्यावर?"

"मग कुणावर? भिंगरीवर? तुझ्यावर? तुझ्या खणातलं यंत्र सांगू?" तो दोरीखालून वाकून बाहेर आला, तिच्या अगदी जवळ. "माझ्यावर घाल हवं तर. घालतेस का बघ. पण भिंतीवर बोट ठेवलंस तर ते बोट जाऊन कुणाला लागतं, ते एकदा बघ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जाऊन सांगणार आहेस का, की आबा, तुमच्या अक्षरांनी तुमचा पोरगा मारला?"

बादली उचलून तो निघून गेला.

*

प्रकल्पाच्या कुंपणाला लागूनच घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुगा दिसायचा. आईच्या वेळेपासून घरातलं कुणीही चहा ठेवण्याआधी फुगा किती भरलाय ते पाहायचं. आज कुणी पाहिलं नाही.

धाकटी, भिंगरीची बायको, टेबलापाशी बसून त्याच्या कामाच्या निळ्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पुन्हा उलगडत होती, पुन्हा घालत होती. समोर दादाचा कागद. आबा खिडकीपाशी खुर्चीत, पाठमोरे.

"वाचलंस?" मास्तरणीने विचारलं.

"वाचलं, वन्सं."

"आणि?"

"सही करणार आहे."

"फिटरची बहीण चार दिवस इस्पितळाच्या जिन्यावर बसलीय. माहीत आहे ना? तुझ्या नवऱ्यासाठी उतरला तो खाली."

धाकटीने बाहीची घडी बोटांनी दाबली. "माहीत आहे. मीच डबा पाठवते तिला."

"डबा पाठवायचा आणि वर सहीही करायची?"

"मग काय करू? सांगा ना." तिचा आवाज वर गेला नाही, उलट सपाट झाला. "दादा म्हणतात, एक तर फिटर नाहीतर हे. मेलेल्या माणसाला बेफिकीर ठरवून घेणं मला जमायचं नाही. फाटक लावलं का बघायला तीनदा परत येणारा माणूस होता तो. आणि तिसरं नाव मी घेणार नाही."

तिसरं नाव. खण, पिवळं यंत्र. धाकटीला माहीत होतं तर. नऊ दिवस माहीत होतं, आणि ती वन्संना पाठीशी घालत होती.

"माझ्यासाठी गप्प बसू नकोस," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली. क्षणभर तिला काही उमजलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती पुन्हा कपड्यांकडे वळली.

"काय कुजबुज चाललीय?" आबा न वळता म्हणाले. "कान गेलेले नाहीत माझे. फक्त गुडघे गेलेत."

"काही नाही, आबा. निरीक्षक यायचेत."

"येऊ देत. मला खड्ड्यापाशी ने."

"तुम्ही कशाला? पायऱ्या आहेत."

"माझा पोरगा गेला तिथे. मी नको तर कोण हवं?" त्यांनी खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायचा प्रयत्न केला. तिने खांद्याखाली हात घातला.

"काठी कुठाय तुमची?"

"नको काठी."

"गेले आठ-दहा दिवस बघतेय, भिंतीला धरून चालता. पडायचं आहे का?"

"तुझा खांदा आहे ना?" आबा म्हणाले. "नको म्हटलं ना काठी."

धाकटीने हातातला कपडा टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. दार जरा जोरात लागलं.

*

निरीक्षक बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस होता. बोलण्याआधी तो प्रत्येक गोष्टीकडे बराच वेळ बघायचा आणि मग एवढासा प्रश्न विचारायचा. दादाने त्याला कागद दिला. त्याने तो वाचला, घडी घातली, वहीत ठेवला.

"झाकण कुणी उघडलं?"

"फिटरने. लिहिलंय त्यात."

"पाहिलं कुणी?"

"तो आणि माझा भाऊ, दोघंच होते इथे."

"तुम्ही?"

"मी दूधसंघाच्या टँकरबरोबर फाटकावर. पाणी ओतून टँकर नुकताच बाहेर पडत होता. दहाला दहा कमी."

"आंबट पाणी?"

"हो."

"या खड्ड्यात? मासळीवर?"

दादाने मास्तरणीकडे पाहिलं. उत्तर तिचं होतं. "हो," ती म्हणाली. "माझा निर्णय होता तो."

निरीक्षकाने लिहून घेतलं. खड्ड्याच्या कडेला वाकून खाली बघितलं, शिडी बघितली, छप्पर बघितलं, पत्रे बघितले. मग भिंतीपाशी थांबला. "ही कधी रंगवली?"

"होत असते अधूनमधून," दादा म्हणाला. "स्वच्छता."

निरीक्षकाने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तिथले शिंतोडे ताजे होते. "तुमच्या कामगारांना उतरण्याबद्दल लेखी सूचना होत्या?"

"तोंडी होत्या. सगळ्यांना माहीत होत्या."

"काय होत्या?"

दादा थांबला. आबा मास्तरणीच्या खांद्याला धरून उभे होते, त्यांची बोटं तिच्या हाडात रुतली होती. थोड्या अंतरावर पत्र्याला टेकून धाकटी उभी होती. मास्तरणीला फिटरची बहीण आठवली. जिन्यावर बसलेली, मांडीवर रिकामा डबा, कुणी विचारलं तर सांगणारी, "तो बरा होईल, मग सांगेलच सगळं." तो सांगणार नव्हता. तो बरा झाला तरी हा कागद त्याच्या आधी बोललेला असणार होता.

तिने आबांचा हात हलकेच सोडवला आणि एप्रनच्या खिशातून पिवळं यंत्र काढलं.

"हे माझ्या खणात होतं," ती निरीक्षकाला म्हणाली. "विषारी वायू मोजायचं. इथे टांगायला हवं होतं. मी टांगलं नाही. कुणी हसलं म्हणून टांगलं नाही. बॅटरी उतरलेली आहे, बघा. हे लिहा."

"मास्तरणे," दादा दातओठ खात म्हणाला.

"फिटरचा दोष नाही, एवढं मला माहीत आहे. आमच्याकडे एक पद्धत होती. ती…" तिने आबांकडे पाहिलं आणि तिचं वाक्य तिथेच अडलं. बारा वर्षं वर्गात उभं राहून बोललेल्या बाईला पुढचे तीन शब्द सापडेनात.

"काय पद्धत?" निरीक्षकाने विचारलं.

मागे टाकीतलं ढवळण घरघरत होतं.

मग आबा हलले. भिंतीपर्यंत चार पावलं होती. ती त्यांनी आधाराशिवाय टाकली, एक हात हवेत धरून, जणू तिथे काही धरायला आहे. भिंतीशी पोचले आणि तळहाताने चुना चोळला. चुना पापुद्र्यासारखा सुटला. खाली लाल रंगाची एक वेलांटी दिसली.

"तैलरंगावर चुना बसत नाही, थोरल्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं प्रकल्पात काढलीस, एवढंही ठाऊक नाही?"

"आबा, राहू द्या."

"का राहू द्या?" त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली आणि तिने भिंत पुसायला लागले. शांतपणे, एका टोकापासून, जसं ते दर दोन-तीन वर्षांनी गिरवायचे तसंच. अक्षरं एकेक करून बाहेर आली. खांद्यावर, केसांत, भुवयांवर पांढरी भुकटी पडत गेली. निरीक्षक मधे पडला नाही. शेवटची ओळ दिसल्यावर आबा थांबले, धाप लागली होती.

"वाचा," ते म्हणाले. "अक्षर माझं. नियम माझ्या बापाचा."

निरीक्षकाने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "हे पाळून तुमचा मुलगा उतरला?"

"तो नव्हता उतरत." आबा भिंतीकडेच तोंड करून बोलत होते. "झाकण त्याने काढलं. वास भयंकर होता. तो आणि फिटर बाहेर उभे राहिले, हेच वाचून उभे राहिले. मी घरून निघालो होतो. टँकर आला की मी येतोच. मी आलो तेव्हा म्हणाला, आबा, थांबतो अजून, डोळे चुरचुरतायत. मी म्हटलं, पंप बंद आहे, टाकी उपाशी आहे. टाकीला रजा नसते. मी वाकलो. चांगला दोनदा श्वास ओढला."

मास्तरणीला पुढचं कळलं. ते ऐकायचं नाही म्हणून तिने आबांकडे हात पुढे केला.

"वास नव्हता," आबा म्हणाले. "पहिल्यांदा होता, दुसऱ्यांदा गेला. मी म्हटलं, गेला बघ. उतर."

दादा खाली बसला. दोरीशेजारी, उकिडवा, दोन्ही हात डोक्यावर. "तुम्ही घरी होतात," तो पुटपुटला. "तुम्ही घरी होतात ना, आबा? तुम्हाला चक्कर आली म्हणून तुम्ही घरी पडून होतात."

"चक्कर इथेच आली. कसा घरी पोचलो ते आठवत नाही. काठी इथे राहिली." आबांनी मान वळवली आणि पत्र्याला टेकलेल्या सुनेकडे पाहिलं. "गर्दी यायच्या आत हिने उचलली. दारामागे नेऊन ठेवली. मला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. नऊ दिवस मी त्या दाराकडे बघतोय."

म्हणजे तिसरं नाव हे होतं. मास्तरणीला सकाळची आपली समजूत आठवली आणि तिची लाज वाटली. या घरात सगळे कुणाला तरी पाठीशी घालत होते. दादा बापाला, धाकटी सासऱ्याला, ती स्वतःला. आणि सगळ्यांनी मिळून ते ओझं नेऊन ठेवलं होतं इस्पितळातल्या एका खाटेवर.

"तू का नाही बोललीस?" दादा ओरडला. हे बापाला नव्हतं, धाकटीला होतं. "मला जबाब लिहू दिलास! मला!"

"एक गेला होता, दादा," धाकटी म्हणाली. "म्हटलं, दुसऱ्याला कशाला घालवायचं. तुम्ही फिटरचं नाव घातलंत, तेव्हा…" ती थांबली. "तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले."

"मास्तरीण," आबांनी हाक मारली. पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता. "तुला माहीत असेल. सांग मला. वास का नव्हता?"

"आबा, घरी जाऊन…"

"इथे सांग. पोरांना सांगायचीस तसं."

तिने सांगितलं. तिचा आवाज वर्गातला होता, तोच एक आवाज तिच्याकडे उरला होता. "तो वायू थोडा असतो तेव्हा वास येतो. फार झाला की नाकाची शक्तीच मरते, एक-दोन श्वासांत. वास गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. तो वाढलेला असतो."

"म्हणजे वास होता तोवर बरं होतं."

"कमी वाईट होतं."

"आणि मी म्हटलं, गेला."

"हो, आबा."

आबांनी मान हलवली, हळू, हिशोब पटल्यासारखी. मग निरीक्षकाकडे वळले. "तो कागद परत द्या. दुसरा लिहून घ्या, मी सांगतो तसा. फिटरने झाकण काढलं नाही, उतर म्हटलं नाही. तो नको नको म्हणत होता, आणि तरी याच्या मागे उतरला. हे नीट लिहा."

दादाने मान वर केली नाही. निरीक्षकाने वहीतून कागद काढला, आणि परत न देता दुसऱ्या पानाला टाचला. "दोन्ही लागतील," तो म्हणाला. मग सर्वांत शेवटी, जणू ते तितकंसं महत्त्वाचं नाही अशा सुरात: "दोन्ही खड्डे मी सील करतोय. आजपासून टाकीत काही घालायचं नाही."

लहान खड्ड्यालाही कुलूप लागलं. मास्तरणीने हाताने ढवळण बंद केलं आणि घरघर थांबली. आजोबांच्या काळापासून पहिल्यांदाच टाकीला दुपारचा घास मिळणार नव्हता. फुगा अजून ताठ होता. चार दिवसांत तो सुरकुतणार होता, दहा दिवसांत टाकीवर आडवा पडणार होता, आणि मग आतलं जिवंत सगळं, जे कुणी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, उपाशी मरणार होतं. तिला त्याचं काही वाटेना. वाटायला हवं, एवढंच वाटलं.

निरीक्षक गेल्यावर आबा दोरीपाशीच उभे राहिले. बाही पांढरी, तळहात लाल आणि पांढरा.

"फिटर ऐकतो का?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, ऐकत असेल. नक्की नाही सांगत."

"आणि त्याची बहीण तिथेच असते?"

"जिन्यावर."

"मग ने मला तिकडे. आत्ता. आधी तिला सांगायचं, मग त्याला."

"आबा, तीन मजले आहेत," दादा खालूनच म्हणाला. "लिफ्ट बंद आहे. तुम्हाला झेपणार नाही. मी जातो, मी सांगतो."

"तू सांगितलंस ना एकदा," आबा म्हणाले.

धाकटी घराकडे गेली होती. दार उघडल्याचा आवाज आला, मग ते नीट लावून घेतल्याचा. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काठी होती. टोकाला नऊ दिवसांपूर्वीचा खड्ड्याकाठचा गाळ तसाच वाळलेला होता. तिने तो पुसला नव्हता.

आबांनी काठीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"धरा," धाकटी म्हणाली. "लांब जायचंय."